मादाम कौसरचा चार्ज

मीत हुदैरच्या उपचार-मंजुरी कचेरीत वस्तू जुनी होते, बंद पडते, तिच्या पोटात झुरळं अंडी घालतात, पण ती जात मात्र नाही. तळघरातल्या गोदामात फ्लॉपीवर चालणारे संगणक होते, कंपनी बुडून जमाना झालेले प्रिंटर होते, वायरींच्या गुंत्यांनी फुगलेली पोती होती. त्यातलं काही टाकायचं तर राजधानीतून, वहीतून वस्तूचं नाव खोडणारी निर्लेखन समिती यावी लागते, आणि समिती काही येत नाही. येईल कशी? हे भंगारच होतं कशावरून, असं उद्या कुणी विचारलं तर उत्तर सही करणाऱ्यानं द्यायचं. मग कोण कशाला आपला हात दगडाखाली घालतो. तेव्हा सगळं जिथल्या तिथं राहतं, आणि कुणाच्या तरी ताब्यात राहतं. आमच्याकडे ताबा म्हणजे नुसती किल्ली नव्हे. ताब्यातला साधा माऊस सापडला नाही तरी तो तुम्हीच लांबवलात असं सरकार धरून चालतं. लांबवला नाही, हे तुम्ही सिद्ध करायचं.

हा सगळा ताबा कौसर अब्दुल-मौजूदकडे होता. रंगानं सावळी, अंगानं भरलेली, बोलायला मोजकी. वाणिज्य शाळेतून पास होऊन ती इथं चिकटली तेव्हा गोदाम बयूमींकडे होतं. बयूमी म्हणजे देवमाणूस. कुणी हसून मागितलं की काढून द्यायचे. साहेबांच्या मुलाला परीक्षेपुरता संगणक हवाय? न्या. वरच्या मजल्यावर प्रिंटर पाहिजे? न्या, सही उद्या करा. मग एके वर्षी मालमोजणी आली आणि ज्यांनी ज्यांनी नेलं होतं त्या सगळ्यांनी हात वर केले. बयूमी तुरुंगात गेले. सुटून आले तेव्हा चहाच्या दुकानात त्यांच्या टेबलाशी कुणी बसेना. कौसर त्यांना कालव्याच्या पुलावर भेटायची. सलाम केला की ते मान खाली घालून पुढे जायचे.

त्यांच्या जागी बसायला कुणीच तयार नव्हतं. सगळ्यांत नवीन कौसर, नाही म्हणायची पद्धत तिला अजून ठाऊक नव्हती, म्हणून चार्ज तिच्या गळ्यात पडला. त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट धरली: कागदाआधी वस्तू हलता कामा नये. किल्ल्या गळ्यातल्या दोरीत, झग्याच्या आत. साहेब असो की शिपाई, सही नाही तर वायरीचा तुकडाही नाही. लोक तिला मागं काय वाटेल ते म्हणत. तिचा नवरा शाज़ली, शाळेच्या बसवरचा ड्रायव्हर, तोंडावर म्हणे. सासरच्या माणसांत बसून तो सांगायचा, "लग्नाच्या दिवशी हिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मगच चार्ज घेतला. तेव्हापासून माझं निर्लेखन काही होत नाही." सगळे हसत. कौसरही हसे, पण तोंडावर ओढणी घेऊन.

तिला आयुष्यात फार काही नको होतं. पोरगा हानी कुवेतला होता, बरा होता. तिला फक्त निवृत्तीच्या दिवशी तो दाखला हवा होता, की हिच्याकडे सरकारचं काही येणं नाही. तो घेऊन त्या पुलावरून मान वर करून जायचं होतं.

मग शाज़लीच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा त्याला सरकारी इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. तो त्याला धुलाई म्हणायचा. तिथं खिडकीशी बसलेली बाई संगणकात नाव पाहते. कौसरच्याच कचेरीनं दिलेली मंजुरी पडद्यावर दिसली तर खुर्ची मिळते, नाही दिसली तर नाही. पूर्वी कागदावर मंजुरी चालायची, पण खोट्या कागदांचा सुळसुळाट झाला तसा वरून हुकूम निघाला आणि कागद बंद झाले. त्या सगळ्या मंजुऱ्या कौसरच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्रखोलीत एका सर्व्हरमध्ये होत्या. सर्व्हर म्हातारा झाला होता. त्याचा पंखा शिट्टी घालायचा, ती जिन्यात ऐकू यायची. शाज़लीचं नाव त्या शिट्टीत आहे हे कौसरला माहीत होतं, म्हणून जिना चढताना ती कान देऊन ऐके. थांबली तर नाही ना?

राजधानीतल्या नियोजनवाल्यांनाही सर्व्हर म्हातारा झाल्याचं ठाऊक होतं असं म्हणावं लागेल, कारण त्यांनी पाच वर्षांचा आराखडा केला होता आणि आराखड्याप्रमाणे मीत हुदैरला नवा सर्व्हर आलाही होता. चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात आला, कौसरनं शिक्के तपासून तो उतरवून घेतला, आणि गोदामात ठेवला. तिथंच घोडं अडलं. वर न्यायचा तर यंत्रखोलीच्या ताबेदारानं, म्हणजे वस्फीनं, सही करून तो आपल्या ताब्यात घ्यायचा. वस्फीला तीन मुली उजवायच्या होत्या. जुन्या सर्व्हरचा ताबा त्याच्याकडे होताच, त्याचं निर्लेखन झालेलं नाही. आता हा महागडा नवा घ्यायचा आणि आतलं एखादं सुटं अंग बदललं गेलं तर भरून कोण देणार? तो म्हणे, आधी जुना न्या, मग नवा घेतो. जुना नेणारी समिती येत नव्हती. यंत्रं खरं तर ज्याच्या जिवावर चालत, तो इंजिनिअर बिशोय कंत्राटावर होता, आणि कंत्राटी माणसाच्या नावावर सरकार खुर्चीसुद्धा लावत नाही. राजधानीत मात्र आराखड्यासमोर खूण झाली होती. त्यांच्या लेखी मीत हुदैर नवं झालं होतं.

ते खोकं गोदामात दोन उन्हाळे बसून राहिलं. कौसर दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ झटकायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात शिट्टी थांबली. दुपारपर्यंत बिशोयनं कसाबसा सर्व्हर उठवला, पण तेवढ्यात इस्पितळाच्या खिडकीवरून शाज़ली परत आला होता. पडद्यावर कुणाचीच नावं नव्हती, खुर्च्या रिकाम्या, आणि पेशंट भिंतीशी उकिडवे बसलेले. पुढच्या वारापर्यंत तो तसाच राहिला. धुलाई चुकली की प्यालेलं पाणी अंगातच साचतं, म्हणून त्याला पाणी बंद. पाय सुजून चपलेत मावेनात. उशाला तीन उश्या लावून बसला तरच श्वास मिळे. घरात पाण्याचा माठ उघडला की त्याचे डोळे त्या आवाजाकडे जात, आणि कौसर माठ घेऊन शेजारणीकडे ठेवून आली.

बिशोय दुसऱ्या दिवशी तळघरात आला. नेहमी दाढी नीट ठेवणारा पोरगा, त्या दिवशी डोळे तांबडे.

"मावशी, तो नवा द्या मला," तो म्हणाला. "जुना आता उठला आहे तो शेवटचा. आतल्या डिस्कच्या चकत्या खरवडल्या गेल्यात. आज आहे तोवर मी सगळं नव्यात उतरवून घेतो. पुन्हा पडला तर उतरवायला काही राहणार नाही."

"वस्फीची सही आण."

"तो देत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"मग मी कशी देऊ?"

बिशोय तिथंच एका मेलेल्या प्रिंटरवर बसला. मग हळूच म्हणाला, "शाज़लीकाका कसे आहेत?"

त्यानं ते मुद्दाम विचारलं असेल, नसेलही. कौसरनं गळ्यातली दोरी ओढली. कुलूप काढलं आणि यंत्र त्याच्या हवाली केलं. आयुष्यात पहिल्यांदा कागदाआधी वस्तू हलली. रिकामं खोकं, आतला फेस, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं तिनं जसंच्या तसं जपून ठेवलं. सवयच तशी.

नवा सर्व्हर चालू झाला. त्याचा आवाजसुद्धा येईना. शाज़लीला खुर्ची मिळू लागली, सूज उतरली, आणि तो पुन्हा लोकांना चार्जची गोष्ट सांगू लागला. जुन्याच्या चकत्या महिन्याभरात खरोखरच गेल्या, तो हमालानं खाली आणून टाकला. एवढं होऊन कौसरला झोप लागेना. कागदावर नवा सर्व्हर अजून गोदामातच होता, बंद खोक्यात. ती दर सोमवारी पावती घेऊन वस्फीकडे जायची. वस्फी तिला चहा पाजायचा, भुईमुगाच्या शेंगा पुढे करायचा आणि म्हणायचा, "मादाम, यंत्र दिसतंय मला. पण मी ते मागितलं नाही, आणलं नाही. कुणी आणून लावलं ते मला माहीत नाही. मागल्या तारखेची सही केली तर आपण दोघं जाऊ." त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. मग बिशोयला रियाधला नोकरी लागली. जाताना तिच्यासाठी भाजलेल्या कणसांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, मावशी, ती सही तेवढी करून घ्या. त्या दिवसापासून यंत्रखोलीत यंत्र समजणारं माणूस उरलं नाही.

कौसरच्या निवृत्तीची तारीख जवळ आली तशी राजधानीतून चिठ्ठी आली: मालमोजणी समिती येत आहे, अध्यक्ष हिंदावी. हे नाव ऐकून लोकांची पाचावर धारण बसायची. बयूमींना आत घातलं तेव्हा हेच हिंदावी समितीत सर्वांत धाकटे होते.

कचेरीचे संचालक डॉक्टर इस्मत यांनी तिला बोलावून घेतलं. इस्मत गोड माणूस. टेबलावर कधी कागद नाही, नजरेत कधी राग नाही. आतापर्यंत हे प्रकरण त्यांना ठाऊकच नव्हतं असं ते धरून चालत.

"मादाम कौसर, मोजणी करणारे काय पाहतात?" त्यांनी विचारलं. "वहीत आहे ती वस्तू वहीत लिहिलेल्या जागी आहे की नाही, एवढंच ना?"

"हो."

"मग असू द्या की जागेवर. शुक्रवारी कचेरी बंद, मंजुऱ्या होत नाहीत. यंत्र काढा, खोक्यात घाला, गोदामात ठेवा. शनिवारी ते मोजतील. मोजणी झाली की तुम्ही वस्फीला चार्ज द्याल, तो पहिल्याच दिवशी रीतसर पावतीनं वर नेईल. आजच्या तारखेची सही, मागली नाही. सगळ्यांचं भलं."

"यंत्र चालू आहे, साहेब."

"म्हणून तर म्हणतो, एकच दिवस."

"परत लागलं नाही तर? बिशोय नाही इथं."

"एक बटण दाबायचं असतं," इस्मत म्हणाले. "आणि लागलं नाही तर निदान चोरी तर ठरणार नाही."

ती घरी आली. शाज़लीला सांगितलं नाही. त्याच्यासाठी भात शिजवत होती, मिठाशिवायचा, आणि तिला पुलावरचे बयूमी दिसत होते. आता ती मान खाली घालून चालेल, आणि शाज़ली मागून काठी टेकत येईल, आणि बायका दारं लोटून घेतील. शुक्रवारी सकाळी ती हमाल शहातासोबत कचेरीत गेली. यंत्रखोली थंड होती. हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. त्यातला कुठला दिवा शाज़लीचा, असं उगाच तिच्या मनात आलं. बिशोय कसं बंद करायचा ते तिनं लांबून पाहिलेलं. तिनं बटण दाबून धरलं. दिवे एकेक करून गेले. मग खोलीत इतकी शांतता झाली की शहाता दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

फेस, पिशव्या, खोकं, चिकटपट्टी. कंपनीनं बांधलं त्याहून नीट बांधलं तिनं.

हिंदावी शनिवारी आले. पांढरे केस, हातात जपमाळ, खिशात स्वतःची पेन्सिल. त्यांनी मोजायला घाई केली नाही. फ्लॉपीचे संगणक, प्रिंटर, पोत्यातल्या वायरी, प्रत्येक गोष्टीला पेन्सिलीनं टोचून पाहिलं. कौसरला वाटलं होतं एका दिवसात आटोपेल. शनिवार गेला, रविवार गेला. वर इस्पितळातून फोन खणखणत होते. इस्मत स्वतःच्या हस्ताक्षरात चिठ्ठ्या लिहून देत होते आणि डायलिसिसवाले ओळखीखातर त्या घेत होते. शाज़ली त्या चिठ्ठीवर जाऊन आला. सोमवारी हिंदावींनी नव्या सर्व्हरच्या खोक्यावर टिचकी मारली, अंक वाचले, वहीत खूण केली.

"तीस वर्षांत असा ताबा पाहिला नाही," ते म्हणाले. "एक स्क्रूसुद्धा कमी नाही. तुमच्या आधी इथं कोण होतं ते मला आठवतंय."

कौसरचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर तिला रडू आलं, आणि तिनं ते थांबवलंही नाही.

"आता चार्ज कोण घेतंय?" हिंदावींनी विचारलं.

वस्फी आला नव्हता. पाठीत चमक भरली म्हणून डॉक्टरचा दाखला पाठवला होता. इस्मतनी दुसऱ्याला बोलावलं. त्याची आई अचानक अत्यवस्थ झाली. तिसऱ्याला दम्याचा त्रास होता, तळघरातल्या धुळीत तो कसा बसणार? चौथी बाई बाळंतपणाच्या रजेवर जायची होती. दुपारपर्यंत कचेरीत धडधाकट माणूस उरलं नाही. इस्मत खिडकीबाहेर पाहत राहिले.

हिंदावींना यात नवीन काही नव्हतं. नियम होता. घेणारा नसेल तर गोदाम मोहोरबंद करायचं, आणि मंत्रालय नवा ताबेदार नेमेल तेव्हा त्याच्यासमोर उघडायचं. त्यांच्या माणसानं कडीला कापडाची पट्टी गुंडाळली, काडीवर तांबडी लाख वितळवून थेंब थेंब पाडली आणि पितळी शिक्का दाबला. जिनाभर लाखेचा वास पसरला. कौसर मध्ये पडली. आत एक यंत्र आहे, ते वर लागतंय, ते तेवढं काढून घ्या, ती म्हणाली. हिंदावींनी तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "वर लागत असतं तर इतकी वर्षं खोक्यात का राहिलं असतं?" ते म्हणाले आणि तिच्या हातात दाखला दिला. याच दाखल्यासाठी तिनं जन्म काढला होता. तिनं तो पिशवीत टाकला. किल्ल्यांची दोरी गळ्यातून काढून दिली. मानेवर दोरीचा पांढरा वळ तेवढा उरला होता.

नवा ताबेदार नेमणं हे वर्षानुवर्षांचं भिजत घोंगडं, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिला आठवडा चिठ्ठ्यांवर निघाला. मग इस्पितळाच्या हिशेबनिसानं कानावर हात ठेवले: चिठ्ठीवर केलेल्या डायलिसिसचे पैसे सरकार देत नाही, आणि वरून लेखी आलंय की पडद्यावर नाव नसेल तर खुर्ची नाही. त्या दिवशी शाज़ली परत आला. त्यानंतरच्या वारी पुन्हा परत आला. बरोबर परत आलेल्यांतली एक मुलगी, समाह नावाची, तिला रिक्षातून उतरवलं तेव्हा तिची आई तिच्याशी बोलत होती आणि ती उत्तर देत नव्हती. पुढच्या वारी ती रांगेत नव्हती. कुणी तिचा विषय काढला नाही. शाज़ली घरी येऊन उशांना टेकून बसला. त्याच्या छातीत पाणी वाजत होतं. जवळ बसलं की ऐकू येई. त्यानं विनोद करणं सोडलं, तेव्हा कौसर खरी घाबरली.

ती इस्मतकडे गेली. राजधानीला फोनवर फोन लावले. हिंदावी दुसऱ्या प्रांतात मोजणीला गेले होते. इस्मत म्हणाले, मी कळवलंय, आपल्या हातात काय आहे, धीर धरा. त्यांच्या टेबलावर नेहमीसारखा एकही कागद नव्हता.

मंगळवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी, शाज़लीला 'यंत्र लावून येते' एवढंच सांगून, कौसर समोरच्या गवंड्याकडून पहार घेऊन कचेरीत शिरली. पहारेकऱ्यानं उठून सलाम केला. इतकी वर्षं करत होता, त्याला वेगळं काही सुचलं नाही. जिना उतरून ती गोदामाच्या दाराशी गेली. लाखेवरचा शिक्का अगदी स्पष्ट उठला होता. सरकारी मोहोर फोडली तर काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या लागलेल्या पोरींना ती तेच पहिल्या दिवशी समजावून सांगायची. तिनं पहार कडीत घातली आणि अंगाचा भार दिला. पट्टी फाटली, लाखेचे तुकडे तिच्या पायांवर पडले.

आवाजानं शहाता आला. त्यानं दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"मी खोकं उचलतो, मादाम," तो म्हणाला. "आत काय आहे ते मला माहीत नाही."

वस्फीची पाठ आता बरी झाली होती. यंत्रखोलीच्या दारात तो आडवा उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लाव हे," कौसर म्हणाली. "जिथं होतं तिथं लाव. वायरी तशाच आहेत."

"आणि कुणाच्या सहीवर लावू?"

"माझ्या. मी सही करते. माझ्या नावावर घे, माझ्या घरावर घे, कशावर पाहिजे त्यावर घे."

वस्फीनं डोळे मिटले. रडायला आल्यासारखा त्याचा आवाज झाला. "मादाम, तुम्ही निवृत्त झालात. तुमची सही आता चालत नाही."

ती त्याला ढकलून आत गेली. खोकं फाडलं, यंत्र बाहेर काढलं, फळीवर चढवायला शहातानं खालून हात दिला. काळी वायर, निळी वायर. कुठली कुठं हे तिला कळत नव्हतं आणि सांगणारं कुणी नव्हतं. तिनं बटण दाबलं. एक पिवळा दिवा लागला. हिरवा झाला नाही. तिनं पुन्हा दाबलं. तेवढ्यात जिन्यात बुटांचे आवाज आले, कारण इस्मतनी फोन केला होता. करणं त्यांना भागच होतं. मोहोर फुटलेली पाहून गप्प बसलं तर तेही आरोपी झाले असते.

पोलीस अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता. तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यानं विचारलं ते तिनं सरळ सांगितलं: मोहोर मी फोडली, यंत्र मी काढलं, दुसरं कुणी नाही. त्याच्या कारकुनानं जबाब लिहिला. तिनं तो सवयीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला, यंत्राचा क्रमांक चुकला होता तो दुरुस्त करायला लावला आणि सही केली. ही सही चालली. मग दोन शिपाई आले आणि त्यांनी फळीवरून यंत्र उतरवलं. पिवळा दिवा गेला.

"ते कुठं नेताय?" तिनं विचारलं.

"पुरावा आहे, बाई. न्यायालयाच्या गोदामात जमा होईल."

"किती दिवस?"

"खटला संपेपर्यंत." त्याला तिची दया आली असावी. "घरी कुणाला कळवायचं असेल तर फोन करा."

तिनं फोन लावला. पलीकडे शाज़लीनं लगेच उचलला. उशाशीच ठेवून बसला असणार. काही बोलण्याआधी त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. "लागलं का यंत्र?" त्यानं विचारलं.

शिपाई दाराबाहेर यंत्राला कापडात गुंडाळत होते. एकानं लाख वितळवायला काडी ओढली.

"शाज़ली," ती म्हणाली, "आज पाणी पिऊ नकोस. उद्याही पिऊ नकोस. मी सांगेपर्यंत पिऊ नकोस."